आखूड केसांची कुळकथा



गेली तीस-बत्तीस वर्षे मी कामगार संघटनेत काम करतो आहे. बोनस, महागाई भत्ता, कामावरून कमी केलेल्यांचे खटले हे माझे नेहमीचे विषय. तेव्हा यंदाच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे बायकांच्या आखूड केसांचा विषय पाहून पुष्कळांना ती छापखान्याची चूक वाटली असेल. चिटणीसांनाही तसेच वाटले. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी माझ्याकडे माणूस पाठवला. मी त्याला चहा पाजला आणि विषय बरोबर आहे असे सांगून परत पाठवले.

मी या विषयाकडे वळलो त्याला एक कारण घडले. १९९४ साली आमच्या भागातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करणाऱ्या एका बाईचा शेपटा यंत्राच्या पट्ट्यात सापडला. पट्ट्यावरचे झाकण दुरुस्तीसाठी काढलेले होते आणि आठ दिवस ते तसेच भिंतीला टेकून पडले होते. शेजारणीने धावत जाऊन यंत्र बंद केले म्हणून जीव वाचला. पण डोक्याच्या मागच्या बाजूची कातडी केसांसकट गेली. चौकशीच्या वेळी व्यवस्थापनाने खात्यात लावलेल्या नोटिशीवर बोट ठेवले. नोटिशीत लिहिले होते की, बायकांनी केस बांधून कामावर यावे. बाईंचा शेपटा मोकळा होता, सबब चूक बाईंची. मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा डोक्याला पट्ट्या गुंडाळलेल्या त्या आक्कांनी मला एवढेच विचारले, "केस माझं गेलं, आन् चूकबी माझीच व्हय रं?"

माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही आहे ते नगरवाचनालयाच्या वर्गणीवर झालेले. या प्रश्नाला उत्तर शोधण्यासाठी मी यंत्र आणि केस यांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या युरोप-अमेरिकेत जाऊन पोहोचलो. तिथे दहा-बारा वर्षांच्या आत लाखो स्त्रियांनी कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत आणले होते. शेकडो वर्षांची रीत एका पिढीत मोडली. हे कसे घडले, ते आज सांगायचे आहे. अमुक नटीने केस कापले आणि जगाने तिची नक्कल केली, असे या गोष्टीविषयी सांगण्याचा प्रघात आहे. ते खोटे नाही, पण ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी कारखान्यात, कचेरीत आणि पगाराच्या पाकिटात आहे.

आधी जुनी स्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड, फ्रान्स किंवा अमेरिकेतली खाऊनपिऊन सुखी घरची स्त्री जन्मभर केस कापत नसे. मुलगी लहान असेपर्यंत केस पाठीवर मोकळे. सतरा-अठरा वर्षांची झाली की ते वर बांधायचे. केस वर बांधणे म्हणजे मुलगी लग्नाची झाली, हा सगळ्यांना कळणारा जाहीरनामाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तर हा अंबाडा इतका भरघोस असावा लागे की स्वतःचे केस पुरत नसत. आपल्याकडे गंगावन लावतात, तसे तिथे खाली केसांच्या गुंडाळ्या भरून वरून केस फुगवीत. त्यावर भली थोरली टोपी, आणि ती टोपी डोक्यावर राहावी म्हणून वीतभर लांबीच्या सुया. हे सारे सावरायला डझनावारी आकडे आणि शक्य असेल तर एक मोलकरीण. केस धुऊन वाळवायचे म्हणजे अर्धा दिवस जाई.

गरीब स्त्रीचेही केस लांबच असत, पण तिच्यापाशी मोलकरीण नव्हती. तिचे केस म्हणजे अडीनडीला विकता येईल अशी चीज होती. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात केसांचे व्यापारी जत्रांतून फिरत आणि शेतकऱ्यांच्या मुलींचे केस विकत घेत. श्रीमंतिणींच्या अंबाड्याखालची भरती अशी गरिबिणींच्या डोक्यावरून येई. ओ. हेन्रीची नाताळच्या भेटीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. त्यातली डेला नवऱ्याला भेट घेण्यासाठी आपले केस वीस डॉलरला विकते. ती गोष्ट १९०५ सालची. वाचकांच्या डोळ्यांत पाणी येई, कारण स्त्रीने केस गमावणे म्हणजे काय, हे त्या काळी कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

आखूड केसांची स्त्री तेव्हा दिसे ती चार ठिकाणी: तापाच्या आजारात, तुरुंगात, मठात आणि दारिद्र्यात. चारही ठिकाणी कातर दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असे, किंवा परिस्थितीच्या हाती. आपण होऊन केस कापणाऱ्या स्त्रिया अगदीच नव्हत्या असे नाही. १८६० च्या दशकात रशियात शिकू पाहणाऱ्या, क्रांतीच्या विचारांनी भारलेल्या तरुणींनी केस आखूड केले, साधे गडद कपडे आणि निळे चष्मे घातले. १८६६ मध्ये झारवर गोळी झाडली गेली. त्यानंतर अशा वेषाची स्त्री दिसली की पोलिसांच्या कपाळाला आठ्या पडत. पण त्या मूठभर होत्या. त्यांचे केस म्हणजे बंडाचा झेंडा होता. झेंडा मूठभर माणसे खांद्यावर घेतात; फॅशन मात्र सगळ्या गावाची असते. झेंड्याची फॅशन कशी झाली, हा खरा प्रश्न.

आता नट्यांकडे येऊ. अंतवान या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेला केशभूषाकार मूळचा पोलंडचा. खरे नाव अँतोनी चेर्प्लिकोव्स्की. तो पॅरिसला आला. १९०९ मध्ये एव्ह लाव्हालिएर या नटीला एका नाटकात तरुण मुलीची भूमिका करायची होती, आणि तिने तर चाळिशी ओलांडलेली. अंतवानने तिचे केस कापून टाकले. कल्पना त्याने घेतली ती पंधराव्या शतकातल्या जोन ऑफ आर्कवरून, म्हणजे पुरुषी वेषात लढलेल्या आणि त्यासाठीही दोषी ठरलेल्या मुलीवरून. पुढे अमेरिकेत आयरीन कॅसल ही नर्तकी गाजली. तिला १९१४ च्या सुमारास अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जायचे होते. तिथे लांब केस कोण सांभाळणार, म्हणून तिने ते आधीच कापले. बरी होऊन ती त्याच केसांनी, कपाळावर मोत्यांची माळ बांधून नाचायला उभी राहिली, आणि १९१५ पर्यंत तिच्या नावाचा 'कॅसल बॉब' वर्तमानपत्रांतून झळकू लागला. 'बॉब' म्हणजे कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीवर सरळ रेषेत कापलेले केस.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नटी आणि नर्तकी यांना समाजाने आधीच निराळ्या रांगेत बसवले होते. त्यांनी केस कापले तर लोक पाहत, टाळ्या वाजवत, आणि घरी जाऊन आपल्या मुलीला म्हणत, "खबरदार!" नटीने फार तर नमुना दाखवला. तो नमुना घरातल्या मुलीपर्यंत यायला काहीतरी निराळे घडावे लागले. ते घडले १९१४ च्या ऑगस्टात, युद्ध सुरू झाले तेव्हा.

पुरुष खंदकांत गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. ब्रिटनमध्ये युद्धाच्या आरंभी सुमारे ६० लाख स्त्रिया रोजगारावर होत्या. १९१८ मध्ये तो आकडा ७३ लाखांच्या आसपास गेला. नुसत्या दारूगोळ्याच्या कामावर ९ लाखांहून अधिक बायका होत्या. तोफगोळ्यांत स्फोटक द्रव्य भरणाऱ्या कारखान्यांत आत जाताना बायकांची झडती होई. काड्याची पेटी नको, धातूचे बटण नको, अंगठी नको आणि केसांतला आकडाही नको. लोखंडी आकडा जमिनीवर पडून एक ठिणगी उडाली तरी सारी इमारत उडायची. ही भीती पोकळ नव्हती. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळच्या बार्नबो येथील कारखान्यात स्फोट होऊन ३५ स्त्रिया ठार झाल्या. स्फोटक पुडीने बायकांची कातडी पिवळी पडे, टोपीबाहेर आलेले केस तांबूस होत; लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत, त्या पिवळ्या पाखरावरून.

आता आकडे नाहीत तर अंबाडा कशाने बांधायचा? पुष्कळ जणींनी केस वेणीत घट्ट आवळून टोपीखाली कोंबले. काहींनी सरळ कापून टाकले. साऱ्याच जणींनी कापले असे समजू नये. पण यापूर्वी कधी न घडलेली एक गोष्ट घडली होती. आखूड केसांना एक प्रतिष्ठित कारण मिळाले होते. केस कापलेली मुलगी आता आजारी, कैदी किंवा नाटकवाली नव्हती. ती कामावर जाणारी मुलगी होती. आपल्या बायकामुलींना खबरदार म्हणणारा बापही देशासाठी राबणाऱ्या मुलीला काय म्हणणार?

कामाबरोबर दुसरी गोष्ट आली ती मजुरी. पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास का होईना, पण हातात स्वतःचे पैसे. युद्ध संपल्यावर कारखान्यांतून बायकांना मोठ्या प्रमाणावर काढून टाकले. पण कचेऱ्या, दुकाने, टेलिफोनचे खाते, टंकलेखनाची यंत्रे यांच्यापाशी स्त्रिया टिकल्या. सकाळी आठची गाडी गाठणाऱ्या मुलीला आरशासमोर तास घालवणे परवडत नव्हते, आणि तिच्या घरी मोलकरीणही नव्हती. लांब केसांची सारी व्यवस्था ज्या मोकळ्या वेळावर आणि दुसऱ्याच्या श्रमावर उभी होती, तीच तिच्यापाशी नव्हती. केस कापायला पैसे लागत, ते मात्र तिच्याजवळ होते; आणि ते मागायला बापाकडे जावे लागत नव्हते.

एवढी पेरणी झाल्यावर १९२० नंतर पीक झपाट्याने आले. त्या साली मे महिन्यात स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची एक कथा गाजली. तिच्यातली बर्निस ही भोळी मुलगी बहिणीच्या चिथावणीने पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन केस कापून घेते, फजीत होते, आणि रात्री झोपलेल्या त्या बहिणीच्या वेण्या कापून सूड घेते. १९२२ मध्ये फ्रान्सात व्हिक्टर मार्गेरित याची 'ला गार्सोन' ही कादंबरी आली. पोरासारखी वागणारी पोर असा त्या नावाचा भाव. ती इतकी गाजली आणि तिच्यावर इतके काहूर उठले की सरकारने लेखकाला दिलेला लिजन ऑफ ऑनरचा मान काढून घेतला. आणि केसांच्या नव्या तऱ्हेला मात्र त्याच कादंबरीचे नाव चिकटले! मग सिनेमा आला. कॉलीन मूर, क्लारा बो, लुईझ ब्रुक्स या मूकपटांतल्या नट्यांचे आखूड केस गावोगावच्या पडद्यावर दिसू लागले. डोक्याला घट्ट बसणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या टोपीची चाल पडली. तिच्याखाली अंबाडा मावत नसे. टोपीसाठी केस आखूड झाले की केसांमुळे टोपी खपली, हे सांगणे कठीण. दोघींनी एकमेकींना पुढे ढकलले एवढे खरे. १९२४ च्या सुमारास 'शिंगल' आले, म्हणजे मागचे केस मानेवर उतरते बारीक कापायचे. आणि १९२६ च्या सुमारास 'ईटन क्रॉप', म्हणजे इंग्लंडातल्या त्या शाळेच्या मुलांसारखे अगदी पुरुषी. १९२८ मध्ये मेरी पिकफर्ड या लाडक्या नटीने आपल्या सोनेरी बटा कापल्या, तेव्हा ती वर्तमानपत्रांची मोठी बातमी झाली.

हे केस कापत कोण होते, याकडे माझ्यासारख्याचे लक्ष जाणारच. बायकांचे केस घालणारे जुने केशभूषाकार वेण्या, कुरळ, गंगावने यांत तरबेज. त्यांना सरळ कातरकाम येत नव्हते, आणि पुष्कळांना ते पसंतही नव्हते. ते काम येत होते पुरुषांच्या न्हाव्याला. तेव्हा बायका पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बसू लागल्या. तंबाखूच्या धुरात आणि मुष्टियुद्धाच्या गप्पांत रमलेली गिऱ्हाइके बावचळली. न्हावीही बावचळले, पण गल्ला पाहून सावरले.

आणि इथे मला आमच्याच चळवळीच्या पदरात माप घालायचे आहे. अमेरिकेत न्हावी कारागिरांची १८८७ पासूनची मोठी संघटना होती. तिने कामाचे तास कमी करून घेतले, मजुरी वाढवून घेतली. पण हीच संघटना स्त्री कारागिरांना १९२४ पर्यंत सभासद करून घेत नव्हती. खुर्चीवर बसलेली स्त्री चालते, तिचे पैसे चालतात. खुर्चीमागे कातर घेऊन उभी राहिलेली स्त्री चालत नाही. अखेर दार उघडले ते बहुधा तत्त्वाने नव्हे, तर धंदा हातचा जातो आहे हे दिसल्यामुळे असावे. कारण तोवर स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली केशकर्तनालये गल्लोगल्ली निघू लागली होती. मालकाला नावे ठेवताना आपण फार जोरात बोलतो. म्हणून हेही बोलले पाहिजे.

विरोध तर चहूकडून झाला. धर्मोपदेशकांनी संत पॉलचे पत्र उघडले. स्त्रीचे लांब केस हे तिचे भूषण, असे त्यात आहेच. शिकागोतल्या एका बड्या दुकानाने १९२१ मध्ये केस कापले म्हणून विक्रीवरच्या मुलीला काढून टाकले. काही शाळामंडळांनी आखूड केसांच्या शिक्षिका नकोत असे ठरवले. पाहा, युद्धात कारखान्यातल्या कामासाठी केसांवर बंधने आली ती मालकाच्या सोयीने, आणि शांततेत केस आखूड नकोत हेही मालकाच्याच सोयीने! यंत्राजवळ केस आड येत होते, गिऱ्हाइकाजवळ ते शोभेचे होते. दोन्ही वेळी डोके मात्र बाईचे.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका तरुणीने नवऱ्याला बरोबर घेऊन पिस्तुलाच्या धाकाने दुकाने लुटली. वर्तमानपत्रांनी तिला 'बॉब केसांची दरोडेखोर' असे नाव दिले. तीन-साडेतीन महिने ती पोलिसांना हुलकावणी देत होती, आणि तोवर आखूड केसांच्या मुलींकडे शहर संशयाने पाहत होते. एप्रिलात ती फ्लॉरिडात सापडली. नाव सेलिया कूनी. धुलाईच्या कारखान्यात काम केलेली, पोटुशी, लहानपणापासून दारिद्र्यात आणि हेळसांडीत वाढलेली पोर. दरोड्याचे समर्थन मी करणार नाही. पण ती कोणत्या घरात वाढली आणि किती मजुरीवर जगली, यापेक्षा तिचे केस किती आखूड होते याचीच चर्चा अधिक झाली. दारिद्र्याची कारणे शोधण्यापेक्षा केसांना दोष देणे पुष्कळ सोपे असते.

आता या फॅशनची किंमत कोणी मोजली तेही पाहू. आकडे तयार करणारे कारखाने मंदावले. काहींनी आखूड केसांसाठी लहान, चपट्या चिमट्यासारखी पिन काढली. तिला बॉबवरूनच 'बॉबी पिन' म्हणू लागले. भांडवल असे वाट काढते. पण चीनच्या शांतुंग प्रांतात चीफू नावाचे बंदर आहे, आजचे यानताय. त्याच्या भोवतालच्या खेड्यांत हजारो बायका आणि पोरी माणसाच्या केसांच्या बारीक जाळ्या घरोघरी विणत. पाश्चात्त्य बायकांचे अंबाडे त्या जाळ्यांत बसत. मजुरी नगावर, आणि तीही कवडीमोलाची. तिकडे न्यूयॉर्कमध्ये कातर चालली आणि इकडे त्या पोरींचे काम तुटले. एका गावची कामकरी मुलगी मोकळी झाली तेव्हा दुसऱ्या गावची कामकरी मुलगी उपाशी राहिली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेही नसेल.

पूर्वेकडे या केसांची कथा आणखी दारुण आहे. जपानात १८७१ मध्ये सरकारने पुरुषांना शेंड्या कापायला उत्तेजन दिले. ते पाहून काही बायकांनीही केस कापले, तर १८७२ मध्ये तोक्योच्या शासनाने बायकांना केस कापण्याची बंदी केली. पुरुषाने कापले तर सुधारणा, स्त्रीने कापले तर उच्छृंखलपणा! चीनमध्ये १९१९ च्या विद्यार्थी चळवळीनंतर शिकलेल्या मुलींनी वेण्या कापल्या. १९२७ मध्ये चांग कै-शेक यांच्या बाजूच्या फौजांनी कम्युनिस्टांचे आणि कामगार संघटनांचे शिरकाण आरंभले, तेव्हा आखूड केस हाच पुरावा मानून कित्येक तरुण मुलींना ठार मारण्यात आले. आपण जिला फॅशन म्हणतो, तिच्यासाठी तिथे मुलींनी प्राण दिले.

आणि आपल्याकडे? आपल्या महाराष्ट्रात स्त्रीच्या डोक्यावर केस नसणे याचा एकच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या होता. ब्राह्मण आणि तत्सम घरांत नवरा मेला की बाईला न्हाव्यापुढे बसवीत. मग ती साठ वर्षांची असो की नऊ. म्हणून आपल्या आज्यांना आखूड केसांच्या मडमांची चित्रे पाहून जे वाटले असेल, ते तिकडच्या पाद्र्याला वाटले त्याहून फार निराळे असणार. पण एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे ठरवले. त्यामागे प्रेरणा होती नारायण मेघाजी लोखंडे यांची. 'दीनबंधू'चे संपादक आणि १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारणारे तेच ते लोखंडे. लोकांच्या हजामतीवर पोट असलेल्या माणसांनी पैसा देणारे एक काम आपण होऊन नाकारले. आमच्या चळवळीने केसांच्या बाबतीत अमेरिकेत जे चुकवले, ते तिच्या पूर्वजांनी मुंबईत चौतीस वर्षे आधी बरोबर केले होते.

एवढे सारे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे आखूड केस म्हणजे स्वातंत्र्य. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या फ्रान्सात ही फॅशन जन्मली आणि वाढली, त्या फ्रान्सच्या स्त्रीला मताचा अधिकार १९४४ साली मिळाला. वीस वर्षे केस आखूड होते, पण मत नव्हते. आणि त्याच १९४४ मध्ये, जर्मन फौजा हटल्यावर, शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो फ्रेंच स्त्रियांची डोकी भर चौकात भादरली गेली. त्यांत ज्या दोषी होत्या त्या होत्या, नव्हत्या त्या नव्हत्या. चौकशी पुष्कळदा नंतरही झाली नाही. आखूड केस तेच, देश तोच, कातरही तीच. वीस वर्षांपूर्वी ती त्यांनी आपल्या इच्छेने आपल्या डोक्याला लावून घेतली होती, आणि आता चार माणसांनी हात धरून लावली. शरम आणि मोकळेपणा यांतला सगळा फरक एवढ्यात आहे.

शिवाय मोकळेपणाचेही बिल येते. लांब केसांना वर्षानुवर्षे कातर लागत नव्हती. आखूड केस दर तीन-चार आठवड्यांनी नीट करावे लागतात. सरळ केस कुरळे हवेत म्हणून यंत्राला डोके बांधून तासन्‌तास बसणेही आले. सकाळचा वाचलेला वेळ आणि हातचा पैसा यांतला काही भाग धंद्याने पुन्हा वसूल केला. तरीही त्या मुलींनी केस पुन्हा कमरेपर्यंत वाढवले नाहीत. १९३० नंतर लांबी थोडी वाढली, पण बाईने जन्मभर केस कापायचेच नाहीत, ही सक्ती गेली ती गेली. कशी राहायचे ते आपण ठरवू शकतो, हे एकदा कळले की माणूस ते विसरत नाही.

आता माझ्या आक्कांकडे परत येतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकेत एक गंमत झाली. व्हेरोनिका लेक या नटीच्या लांब केसांची बट एका डोळ्यावर येई, आणि कारखान्यांतल्या मुली तशीच बट ठेवीत. ती यंत्रात सापडू नये म्हणून सरकारने त्या नटीलाच केस बांधायला सांगितले, आणि तिने ते बांधून दाखवले. हे वाचून मी आधी हसलो, मग विचारात पडलो. केस बांधावे, हे खरेच आहे; मीही माझ्या सभासद बायकांना तेच सांगतो. पण नुसते केस बांधून काम भागत नाही. केस बांधले तर पदर आहे, पदर खोचला तर बाही आहे, आणि अखेर बोट आहेच. बोट कापून कोणी कामावर येत नाही. म्हणून फिरत्या भागाला झाकण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्यावर टाकली होती. चौकशीत आम्ही हेच मांडले. नोटीस भिंतीवर होती आणि झाकणही भिंतीला टेकलेले होते; नोटिशीने पट्टा झाकला जात नाही. आक्कांना भरपाई मिळाली आणि झाकण बसले.

त्या कामावर परत आल्या तेव्हा केस बोटभर उगवले होते, तेही विरळ. नवरा धडधाकट असताना गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्यांच्या डोक्याकडे पाहून कुजबुजत. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा त्या डोक्यावरून पदर काढत नसत. पुढे काही वर्षांनी त्यांची धाकटी मुलगी कपडे शिवण्याच्या कारखान्यात लागली आणि पहिल्या पगारातून केस खांद्यापर्यंत कापून घरी आली. घरात वादळ झाले. वडील बोलले, चुलते बोलले. मी त्या दिवशी वर्गणी घ्यायला गेलो होतो आणि उंबऱ्यावर उभा राहून ते ऐकत होतो. सगळ्यांचे बोलून झाल्यावर आक्का पदर सावरत म्हणाल्या, "तिचं केस हाईत. तिनं कापलं. माझ्यावानी पट्ट्यानं तर न्हाई न्हेलं."

त्यांनी इस्पितळात मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी लंडन, पॅरिस आणि शांतुंग फिरून आलो. ते उत्तर असे त्यांच्याच घरात मिळाले.